अमेरिकन मसल कारचे कारखान्यातले कोड: झेड-२८, एलएस-६, आर-कोड नेमके वाचायचे कसे?

वुडवर्डकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली सव्वीस वर्षं मी मिशिगनात, ट्रॉयला राहतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत रस्ता गाड्यांनी भरून वाहत असतो. आमची मराठी मंडळी घडीच्या खुर्च्या आणि डबे घेऊन कडेला बसतात आणि दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "हे झेड-२८ झेड-२८ करता ते आहे तरी काय?" तिथे आवाजात धड सांगता येत नाही, म्हणून हा धागा.

मसल कार म्हणजे मोठं, ताकदवान इंजिन घातलेली अमेरिकन गाडी. १९६० च्या दशकात डीलरकडे उभी असलेली गाडी तयार उचलता यायची, पण हौशी माणूस बसून फॉर्म भरायचा. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, मागचा ॲक्सल किती रेशोचा, रेडिओ हवा की नको. जनरल मोटर्समध्ये अशा प्रत्येक निवडीला एक छोटा कोड असे. त्याचं नाव आरपीओ, म्हणजे रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन. जी-८० म्हणजे पॉझिट्रॅक्शन: एक चाक घसरायला लागलं तरी दुसऱ्या चाकाला जोर पोचवणारं डिफरन्शियल. एम-२० म्हणजे चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, एम-२१ म्हणजे तोच, पण गिअरचे रेशो जवळजवळ ठेवलेला. एम-२२ मध्ये दात कमी तिरके कापलेले, त्यामुळे ताकद जास्त आणि आवाजही जास्त. त्याला लोक रॉक क्रशर म्हणतात. वुडवर्डवर डोळे मिटून उभा राहिलो तरी एम-२२ पुढून गेला की मला कळतं. इंजिनाच्या गडगडाटावर एक बारीक, ताणलेला सूर तरंगत असतो.

झेड-२८ हाही असाच फॉर्मवरचा कोड. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेची एक गाडी कॅमॅरो. १९६७ च्या कॅमॅरोत झेड-२२ म्हणजे रॅली स्पोर्ट, झेड-२७ म्हणजे सुपर स्पोर्ट आणि त्याला लागूनच झेड-२८. त्या वर्षी गाडीवर कुठेही झेड-२८ असं लिहिलेलं नव्हतं. ट्रान्स-ॲम शर्यतीत ५ लिटरची, म्हणजे ३०५ घनइंचांची मर्यादा होती. शेव्हरोलेकडे ३२७ चं इंजिन होतं, ते मोठं पडत होतं. २८३ चं होतं, ते लहान. मग ३२७ चा ४ इंच बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) ब्लॉक घेतला आणि त्यात २८३ चा ३ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या फेरीचा) क्रँकशाफ्ट बसवला. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा: २ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच, गुणिले ३, गुणिले ८ सिलिंडर. उत्तर ३०१.६ च्या आसपास. हेच ते प्रसिद्ध ३०२. त्याच्याबरोबर एअर कंडिशनिंग मिळत नसे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही नाही. पहिल्या वर्षी अशा ६०२ गाड्या निघाल्या. पुढे त्या कोडचंच नाव झालं.

आता हा धागा काढायचं खरं कारण. २०१४ मध्ये मी ओहायोतल्या एका विक्रेत्याकडे शेव्हरोलेचीच १९७० ची शेव्हेल बघायला गेलो होतो. लाल रंग, काळे पट्टे, बॉनेटवर काऊल इंडक्शनची, म्हणजे इंजिनाला हवा देणारी झडप. जाहिरातीत लिहिलं होतं, एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४, एलएस-६. म्हणजे ४५४ घनइंच, ४५० हॉर्सपॉवर. त्या काळात कारखान्यातून कागदावर एवढा मोठा आकडा घेऊन निघालेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. तिथे ठसा होता: टी ०२०३ सीआरव्ही. टी म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०२०३ म्हणजे ३ फेब्रुवारी, सीआरव्ही म्हणजे हाताच्या गिअरबॉक्सवालं एलएस-६. सगळं बरोबर! बयाणा द्यायला मी पाकीट काढलं होतं.

माझ्याबरोबर ओतकामात उभं आयुष्य काढलेले एक शेजारी होते. त्यांनी टॉर्च घेतला, गाडीखाली गेले आणि ब्लॉकच्या कुशीत ओतीव अक्षरांत उमटलेली तारीख शोधली. ई १२ ०. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, ई म्हणजे मे. १२ मे १९७० ला ओतलेला ब्लॉक ३ फेब्रुवारीला जोडून कसा होईल? आणि बॉडीच्या पाटीवर होतं ०२सी, म्हणजे गाडी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. मग आम्ही पॅड नीट पुसून पाहिला. कारखान्यात ब्लॉकचा माथा कापताना पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. तिथे एकही रेघ नव्हती. घासून गुळगुळीत केलेल्या जागेवर नवा ठसा मारला होता.

मी गाडी घेतली नाही. पण त्या दिवसापासून एक पक्कं ठरलं, सुटा कोड वाचायचा नाही. तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या कंपनीचा, कुठल्या कारखान्याचा आणि त्याच्या आगेमागे कुठल्या तारखा आहेत, हे सगळं मिळून तो कोड होतो.

फोर्ड आणि क्रायस्लरचं मला तितकं येत नाही. ज्यांना येतं त्यांनी भर घालावी.

घाटावरचा_मेकॅनिक

काका, वाचताना अंगावर काटा आला. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, या गाड्या फक्त व्हिडिओत बघितल्यात. पण ठशाचं म्हणाल तर एक सांगतो. आमच्याकडं आरटीओत पासिंगला चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढतात. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. हातानं परत मारलेला नंबर असला की कागदावर लगेच कळतं. एखादा आकडा खोल, एखादा वर आलेला, ओळ वाकडी, आणि घासलेल्या जागेचा पोत वेगळा. डोळ्याला जे दिसत नाही ते कागदावर उमटतं. तुमच्याकडं असं करतात का?

दुसरी शंका. चेसिस नंबरावरूनच इंजिन कुठलं ते कळत नाही का?

वुडवर्डकर

घाटावरचा_मेकॅनिक, पेन्सिल प्रिंट इथेही काढतात, पण तुम्ही सांगितलेली खोलीची खूण मी कधी मुद्दाम बघितली नव्हती. धन्यवाद, पुढच्या वेळी नक्की बघेन.

चेसिस नंबराचं: शेव्हरोलेत १९७१ पर्यंत तो फक्त सहा सिलिंडर की आठ एवढंच सांगतो. १९६९ च्या कॅमॅरोत १२३ म्हणजे सहा, १२४ म्हणजे आठ. पुढचा ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे वर्ष, मग कारखाना, एन म्हणजे ओहायोतलं नॉर्वूड. म्हणजे १२४३७९एन ही सुरुवात साध्या ३०७ लाही तीच आणि झेड-२८ लाही तीच. शेव्हेलची गंमत अशी की १९६६ ते १९६८ मध्ये सुपर स्पोर्ट ही वेगळी मालिका होती, नंबर १३८ ने सुरू व्हायचा आणि खरी गाडी तिथेच ओळखू यायची. १९६९ पासून सुपर स्पोर्टचं पॅकेज झालं. माझ्या त्या लाल गाडीचा नंबर १३६३७० ने सुरू होत होता. आठ सिलिंडरच्या कुठल्याही साध्या शेव्हेल मालिबू कूपेचा तोच. १९७० मध्ये एसएस ४५४ चा कोड झेड-१५, पण तो फक्त कागदावर सापडणार, गाडीच्या पाट्यांवर नाही. नकली गाड्यांचं एवढं पीक इथे आलंय ते याच फटीतून.

निळी_मस्टँग

काका, फोर्डबद्दल मी लिहिते. डॅलसला असते, १९६९ ची मस्टँग आहे, बाबा आणि मी मिळून सहा वर्षं तिच्यावर काम केलं.

फोर्डमध्ये नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिनाचं. माझ्या गाडीची सुरुवात ९आर०२एम अशी आहे. ९ म्हणजे १९६९, पहिला आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, ०२ म्हणजे फास्टबॅक आणि एम म्हणजे ३५१, चार बॅरलचा कार्ब्युरेटर. तिथेच एमच्या जागी आर असता तर? तर ४२८ कोब्रा जेट, रॅम एअरसह, म्हणजे बॉनेटमधून थेट हवा घेणारं. क्यू असता तर तेच ४२८, रॅम एअरशिवाय. जी म्हणजे बॉस ३०२, झेड म्हणजे बॉस ४२९. पहिला आर आणि दुसरा आर यांत गोंधळ करून घेणारे रोज भेटतात. एक कारखान्याचा, एक इंजिनाचा. आणि १९६३-६४ च्या गॅलक्सीत इंजिनाच्या जागी आर दिसला तर ते ४२८ नाही; ते ४२७, दोन कार्ब्युरेटरवालं. अक्षर तेच, वर्ष बदललं की अर्थ बदलला.

त्याआधीचा के-कोड सगळ्यांचा लाडका. २८९ हाय परफॉर्मन्स, २७१ हॉर्सपॉवर. मस्टँगमध्ये के हे एकच अक्षर किंमत कुठच्या कुठे नेतं.

एक कोड मात्र नंबरात दिसत नाही, सुपर कोब्रा जेट. ४२८ बरोबर कुणी ड्रॅग पॅक घेतला की कारखाना आतून इंजिन बदलायचा. जास्त मजबूत कनेक्टिंग रॉड, पुढे ऑइल कूलर. पण पाचवं अक्षर क्यू किंवा आरच राहायचं आणि कागदावर हॉर्सपॉवरही तेच, ३३५. ओळखायचं कसं? दाराच्या पाटीवरच्या ॲक्सल कोडवरून. व्ही म्हणजे ३.९१, डब्ल्यू म्हणजे ४.३०. यातला एक असेल तर ड्रॅग पॅक. म्हणजे इंजिनाचा पत्ता मागच्या ॲक्सलकडे लागतो.

फोर्डवाल्यांचं भाग्य असं की १९६७ पासूनचा कारखान्याचा डेटा शिल्लक आहे आणि त्यावरून मार्टी रिपोर्ट मिळतो. गाडी कुठल्या दिवशी बनली, कुठल्या डीलरकडे गेली, कुठले पर्याय घेतले होते, सगळं. आमचा रिपोर्ट आला त्या दिवशी कळलं की मूळ मालकाने घड्याळ घेतलं होतं आणि टॅकोमीटर नको म्हणाला होता. बाबांनी तो कागद फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलाय.

मोपारवेडा

निळी_मस्टँग, मस्त लिहिलंत. आता क्रायस्लर, म्हणजे डॉज आणि प्लिमथ. माझ्या मते सगळ्यांत बोलक्या गाड्या याच.

डाव्या चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवलेली एक पातळ पाटी असते, फेंडर टॅग. ती खालून वर वाचायची. नवा माणूस वरून सुरुवात करतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. प्लिमथच्या १९७० च्या कुडाच्या पाटीवर सगळ्यांत खाली समजा असं आहे: ई७४ डी३२ बीएस२३ आर०बी. ई७४ म्हणजे ४२६ हेमी, अर्धगोल ज्वलनकक्षांचं इंजिन. डी३२ म्हणजे टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. चार गिअर असता तर डी२१. बीएस२३ म्हणजे बॅराकुडा, कुडा मालिका, हार्डटॉप. आर म्हणजे पुन्हा हेमी, ० म्हणजे १९७०, बी म्हणजे डेट्रॉइटला चिकटलेल्या हॅमट्रॅमिकचा कारखाना. म्हणजे एकाच ओळीत इंजिन दोनदा सांगितलंय. ई७४ आहे आणि पुढे आर नाही, असं दिसलं तर पाटी दुसऱ्या गाडीची. मग वरच्या ओळींमध्ये रंग, आतलं कापड, तारीख, बाकीचे पर्याय. एन९६ म्हणजे बॉनेटमधून बाहेर डोकावणारा, इंजिनाबरोबर थरथरणारा शेकर. एफसी७ म्हणजे तो गडद जांभळा, डॉजवाले त्याला प्लम क्रेझी म्हणायचे आणि प्लिमथवाले इन व्हायोलेट.

आता सावध राहायची जागा. १९६८-६९ मध्ये पाचवं अक्षर जे असेल तर हेमी. १९७० मध्ये जे म्हणजे ३४० सिक्स पॅक (तीन दोन-बॅरल कार्ब्युरेटर) आणि हेमी झालं आर. ४४० चार बॅरल आधी एल, मग यू. ४४० सिक्स पॅक १९६९ च्या मध्याला आलं तेव्हा एम, १९७० ला व्ही. एका वर्षाचा तक्ता हातात घेऊन दुसऱ्या वर्षाची गाडी वाचली की चूक होणारच.

१९६९ च्या मध्याचा ए१२ कोड माझा सर्वांत आवडता. प्लिमथ रोड रनर किंवा डॉज सुपर बी, ४४० वर तीन दोन-बॅरल कार्ब्युरेटर, ३९० हॉर्सपॉवर, मागे ४.१० चा डाना ॲक्सल. बॉनेट फायबर ग्लासचं, त्याला बिजागऱ्याच नाहीत. चार पिना काढायच्या आणि दोघांनी धरून उचलून बाजूला ठेवायचं. चाकांवर टोप्याही नाहीत, काळी उघडी चाकं. ज्याने तो कोड लिहिला त्याला नेमकं काय हवं होतं, ते गाडी बघून कळतं.

आणि ब्रॉडकास्ट शीट. कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा कागद. कामगार तो वाचून भाग बसवायचे आणि बऱ्याचदा तो तसाच आत राहून जायचा. सीटच्या स्प्रिंगांमध्ये, ग्लव्ह बॉक्सच्या वर. माझ्या सुपर बीच्या मागच्या सीटखाली तो मिळाला तेव्हा उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता, पण ई-कोडची चौकट शाबूत होती. मी अर्धा तास तो नुसता हातात धरून बसलो होतो.

कुर्लेकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

माझे आजोबा कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये फिटर होते. तिथे डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. अर्थात त्या साध्या कुटुंबाच्या गाड्या, आणि या मसल कारच्या बऱ्याच आधीच्या. पण पेटीतून आलेल्या प्रत्येक भागाचा नंबर वहीत उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त मी ऐकून आहे. म्हणून हे सगळं वाचताना फार जवळचं वाटलं.

एक विचारू? ४५० हॉर्सपॉवर, ३९० हॉर्सपॉवर हे आकडे आजच्या गाड्यांसारखेच मोजलेले का?

वुडवर्डकर

कुर्लेकर, नाही. ते ग्रॉस आकडे. इंजिन स्टँडवर एकटं, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, बाकीची ओझी काढलेली. १९७२ पासून नेट आकडे द्यायला लागले, म्हणजे गाडीत बसवल्यावर असतं तसं. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही छापले, म्हणून तुलना करता येते. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटमधलं एलएस-६: ग्रॉस ४२५, नेट ३२५. इंजिन तेच, फरक १०० चा.

आणि उलटी बाजूही आहे, मुद्दाम कमी सांगितलेले आकडे. यावर शिकागोकर जास्त चांगलं लिहितील, त्यांना मी निरोप केलाय.

शिकागोकर

आलो. एल-८८ पासून सुरुवात करतो, कारण कोड वाचताना छापील आकड्यावर भरवसा का ठेवू नये ते त्यात दिसतं.

१९६७ च्या कॉर्व्हेटच्या यादीत ४२७ ची अनेक इंजिनं होती. एल-७१, तीन कार्ब्युरेटर, ४३५ हॉर्सपॉवर. आणि एल-८८, त्याहून कितीतरी महाग, ४३० हॉर्सपॉवर. कुठलाही सरळ माणूस एल-७१ घेईल, आणि कंपनीला तेच हवं होतं. एल-८८ हे शर्यतीचं इंजिन, प्रत्यक्षात ५०० च्या वर. रेडिओ आणि हीटर मिळत नसे आणि रस्त्यावरच्या पंपावरचं साधं पेट्रोल त्याला चालत नसे. पहिल्या वर्षी २० गाड्या, पुढे ८०, मग ११६. तीन वर्षांत मिळून २१६.

दुसरा मार्ग कोपोचा. सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. हा मुळात घाऊक गिऱ्हाइकांसाठी: टॅक्सी कंपनीला सगळ्या गाड्या एका रंगात हव्यात, पोलिसांना वेगळी वायरिंग हवी, अशा मागण्या मुख्य कार्यालयातून मंजूर व्हायच्या. त्या काळात जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० घनइंचांच्या वर इंजिन घालायचं नाही. म्हणून कॅमॅरोच्या फॉर्मवर ३९६ च्या पुढे काही नाही. पण शेव्हरोलेतल्या व्हिन्स पिगिन्सना कोपोची वाट माहीत होती. १९६९ मध्ये कोपो ९५६१ मधून कॅमॅरोत लोखंडी ४२७, म्हणजे एल-७२ मिळू लागलं. शेव्हेलसाठी ९५६२. पेनसिल्व्हेनियाच्या डॉन येन्कोंनी याच वाटेने गाड्या मागवून त्यावर आपलं नाव लावलं.

आणि कोपो ९५६०. झेडएल-१, संपूर्ण ॲल्युमिनियमचं ४२७. आमच्या इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातले डीलर फ्रेड गिब यांनी ५० गाड्यांची ऑर्डर दिली. गाड्या आल्या तेव्हा कळलं की नुसत्या इंजिनाचेच ४,००० डॉलरच्या वर लागलेत, गाडीची किंमत दुपटीच्या पुढे गेलेली. खेड्यातला डीलर त्या ५० गाड्या विकणार कुणाला? बऱ्याच परत पाठवून दुसऱ्या डीलरांना वाटाव्या लागल्या. एकूण ६९ कॅमॅरो निघाल्या. आज त्यातली एक मिळाली तर माणूस घर विकायला तयार होतो. मला त्या डीलरचं फार वाटतं. हिंमत त्याची होती.

लक्षात घ्या, कोपो गाडीवर एसएसची पाटी नसते, पट्टे नसतात. बाहेरून साधी कॅमॅरो. पाटी नाही म्हणून गाडी साधी, असं म्हणता येत नाही, आणि पाटी आहे म्हणून खरी, असंही नाही.

कोड परत वापरल्याचं एक उदाहरण घालतो. झेड-११ म्हणजे काय? १९६३ च्या इम्पालात विचाराल तर ड्रॅग शर्यतीसाठीचं ४२७, पुढचे पत्रे ॲल्युमिनियमचे, ५७ गाड्या. १९६९ च्या कॅमॅरोत विचाराल तर इंडियानापोलिसच्या पेस कारसारखी (शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीसारखी) दिसणारी पांढरी कन्व्हर्टिबल, नारिंगी पट्ट्यांची. कंपनी एक, कोड एक, मध्ये सहा वर्षं.

हडसनकाठ

सगळ्यांना नमस्कार. गेले चार दिवस हा धागा परत परत वाचतोय. मी न्यू जर्सीत असतो आणि पेनसिल्व्हेनियात एक १९६९ ची कॅमॅरो बघून आलोय. झेड-२८ म्हणून विकताहेत. मूळ मालक वारले, त्यांची मुलगी विकतेय. स्वभावाने सरळ वाटल्या, पण गाडीतलं त्यांना काही माहीत नाही. नंबर १२४३७९एन, पाटीवर एक्स३३, पॅडवर डीझेड. काका, काय काय तपासू?

वुडवर्डकर

हडसनकाठ, सुरुवात चांगली आहे. डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. एक्स३३ हा नॉर्वूडच्या पाट्यांवर येणारा कोड, म्हणजे झेड-२८ आणि वर बाहेरच्या ट्रिमचं पॅकेज. ट्रिम नसती तर एक्स७७. लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर एक्स कोड नसतो आणि नॉर्वूडच्याही सुरुवातीच्या गाड्यांवर नसतो, त्यामुळे तुमच्याकडे आहे हे नशीब. पाटीचे रिवेट कुणी काढून परत बसवलेत का ते आधी बघा.

मग मागे वाका. डिफरन्शियलच्या झाकणाला १२ बोल्ट हवेत. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगला अनेक पाती हवीत, एकच पातं नको. पुढे डिस्क ब्रेक. गिअरबॉक्सवर पी ने सुरू होणारा ठसा असेल: पी मन्सीचा, मग ९, मग महिन्याचं अक्षर, दिवस आणि शेवटी ए, बी किंवा सी. ए म्हणजे एम-२०, बी म्हणजे एम-२१, सी म्हणजे एम-२२.

सगळ्यांत महत्त्वाचं, गाडीच्या नंबराचा तुकडा इंजिनावर मारलेला असतो. १९एन आणि पुढे सहा आकडे. पॅडवर नसला तर ऑइल फिल्टरच्या वर बघा, तिथे ग्रीसखाली दडलेला असतो. पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर बिल्ड शीट चिकटलेली सापडते कधी कधी. पाँटिॲक कंपनीची गाडी असती तर पीएचएसकडून, म्हणजे तिचे कारखान्याचे जुने कागद देणाऱ्या संस्थेकडून, कागद मागवता आले असते. शेव्हरोलेचे अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे तसे कागद नाहीत, म्हणून ही सगळी धडपड.

घाटावरचा_मेकॅनिक

आणि पेन्सिल प्रिंट काढा साहेब. फोटोपेक्षा ती बरी.

हडसनकाठ

काल परत जाऊन आलो. पाच तास होतो.

पाटीचे रिवेट मूळचे. १२ बोल्ट, अनेक पाती, डिस्क ब्रेक, सगळं आहे. गिअरबॉक्सच्या शेवटी बी, आणि त्यावर गाडीचाच नंबर. ऑइल फिल्टरच्या वर घासून पुसलं तेव्हा १९एन दिसलं, पण पुढचे सहा आकडे वेगळे. इंजिन खरं डीझेड, पण दुसऱ्या कॅमॅरोचं. पॅडवर रेघा आहेत, ठसा खोटा नाही.

मी त्या बाईंना सगळं समजावून सांगितलं, इंजिन मूळचं नाही हेही. त्या आत गेल्या आणि वडिलांच्या कागदांच्या डब्यातून गाडीचं वॉरंटीचं पुस्तक घेऊन आल्या. आत धातूची छोटी पट्टी चिकटवलेली होती.

मोपारवेडा

हडसनकाठ, घ्या ती गाडी! इंजिन बदललेलं आहे म्हणून नाक मुरडू नका. ही इंजिनं लोकांनी शर्यतीत फोडली, वॉरंटीत बदलली, गल्लीतल्या पोरांनी एकातून काढून दुसऱ्यात घातली. तो गाडीच्या आयुष्याचाच भाग.

वुडवर्डकर

मोपारवेडा, एवढं मात्र मान्य नाही. मूळ इंजिन असलेली आणि नसलेली गाडी एका भावाने जाऊ नये, नाहीतर ठसे घासणाऱ्यांचंच फावतं. पण घ्यावी, हे मान्य. योग्य भावाने आणि पावतीवर खरं लिहून.

हडसनकाठ, ती धातूची पट्टी म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, गाडीची मूळ माहिती उठवलेली वॉरंटीची पट्टी. तिच्यावर काय आहे?

हडसनकाठ

अक्षरं उठावदार पण झिजलेली, उजेडात धड वाचता येईनात. म्हणून कोल्हापूरच्या सल्ल्याने बटर पेपर ठेवून पेन्सिल फिरवली. आधी गाडीचा नंबर उमटला, बरोबर. मग व्ही ०४०९ डीझेड. म्हणजे ९ एप्रिलला फ्लिंटमध्ये जोडलेलं ३०२. त्या बाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, बाबा या गाडीला नेहमी 'एप्रिलवाली' म्हणायचे, आम्हाला कधी कळलं नाही का ते.

भाव ठरला. पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन जातोय.

वुडवर्डकर

मनापासून अभिनंदन! आता एक करा. तुमच्या गाडीचे शेवटचे सहा आकडे आणि व्ही ०४०९ डीझेड हे दोन्ही कॅमॅरोवाल्यांच्या याद्यांमध्ये टाका. तो ब्लॉक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, कोपऱ्यात स्टँडवर पडलेला असू शकतो. आणि तुमच्या इंजिनावरचे सहा आकडेही टाका. त्या गाडीचा मालकही कुठेतरी हेच शोधत असेल.